आधी घरातले बाकीचे फोन खाली ठेवा, मग बाळंतिणीला बोला

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, १९९२ पासून जगभर चालू आहे असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, तर त्या सप्ताहातल्या आमच्याकडच्या कार्यक्रमाची बातमी तुमच्या पेपरात आली होती आणि त्यात ठळक अक्षरात होतं की मोबाईलमुळे हल्लीच्या आया बाळाकडे बघत नाहीत. त्या कार्यक्रमाला मी पण होते. मागे, सतरंजी संपते तिथे उभी, कारण चहाचं माझ्याकडे होतं. बोलणारे पाहुणे शिकलेले होते, ते चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही, पण समोर पंधरा-वीस पोरी मांडीवर बाळं घेऊन मान खाली घालून ऐकत होत्या आणि खुर्च्यांवर बसलेल्या मान्यवरांपैकी तिघं त्याच वेळी आपापल्या मोबाईलमध्ये बोट फिरवत होते. ते काही बातमीत आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते, तेरावं वर्ष चालू आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेली बाई घरी आली की आम्ही तिच्या घरी सहा वेळा जातो, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, ६० किंवा त्याच्या वर भरले की परत मोजायचे आणि तेवढेच आले तर दवाखान्यात पाठवायचं. या सगळ्या भेटींचे मिळून एका बाळामागे २५० रुपये, आणि ते कधी जमा होतात ते विचारू नका. हे सांगायचं कारण एवढंच की बाळाला पाजतानाची आई जेवढी आम्ही बघतो तेवढी घरातला नवरापण बघत नाही. कारण आमच्या कामातच आहे, आईला म्हणायचं "माझ्यासमोर पाज बघू जरा" आणि नीट बघायचं. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी छातीला टेकलीय का, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलाय का, बोंडशीभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतोय आणि खालून कमी असं आहे का. या चार खुणा जमल्या की बाळ नीट लागलं.

आता मोबाईलचं पहिलं नुकसान इथेच आहे आणि ते कोणी भाषणात सांगत नाही, सगळे एकदम प्रेम, माया, नातं यावर जातात. एका हातात फोन असला की बाळ उरलेल्या एका हातावर. मग त्याची मान वाकडी होते, आईच वाकून बसते, बाळाच्या तोंडात नुसती बोंडशीच जाते, चिरा पडतात, पाजताना डोळ्यातून पाणी येतं, आणि चौथ्या दिवशी सासू म्हणते हिला दूधच नाही, वरचं चालू करा. मी गेले की आधी म्हणते फोन तिकडे ठेव, दोन्ही हात लाव, पाठीला उशी घे. निम्म्या घरांत तेवढ्यानेच भागतं. दूध होतंच की, दूध कुठे जातंय. दिवसातून सहा-सात लंगोट लघवीने ओले होतायत म्हणजे बाळाला पुरतंय, साधा हिशोब आहे.

आणि एक, फोन हातातून सटकतो. माझ्या भाचीच्या हातातून सटकला, पहाटे डोळा लागला तिचा, आणि फोन थेट बाळाच्या टाळूवर. देवाच्या दयेने काही झालं नाही पण मिरजेला दाखवून आणेपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं. ती पोर अजून सांगताना रडते, तिला कोणी वेगळं बोलायची गरज नाही.

आता नात्याचं. यंदाच एका घरी २८ व्या दिवशीच्या भेटीला गेले होते. पहिलटकरीण, माहेर लांब आणि आईचं ऑपरेशन झालेलं म्हणून बाळंतपण सासरीच. पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, बाजूला डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, बाळ अंगावर पीत होतं आणि ती फोनवर रील बघत होती, आवाज बंद करून, म्हणजे बाळाला त्रास नको एवढी काळजी होतीच. मी दारातच थांबले. बाळ पाच-सात चुसक्या मारायचं, थांबायचं, परत मारायचं. थांबलं की डोळे वर करायचं. आता आम्हाला शिकवलंय की नुकत्याच जन्मलेल्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे वीत-सव्वा वीत, आणि छातीपासून आईच्या तोंडापर्यंत अंतर पण तेवढंच असतं, देवाने मोजून ठेवल्यासारखं. तर ते लेकरू वर बघत होतं आणि जिथे आईचं तोंड दिसायला पाहिजे तिथे त्याला फोनची मागची बाजू दिसत होती. चमचम करणारं गुलाबी कव्हर आणि तीन कॅमेरे. ते कॅमेऱ्यांकडेच बघत होतं टक लावून. मला हसूपण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं.

ते मधेमधे थांबणं आहे ना, ते साधं नाही. दमलं म्हणून थांबलं असं आपल्याला वाटतं. गाईम्हशीचं वासरू असं थांबत नाही, ढुशा देत सलग पितं. माणसाचंच बाळ चार चुसक्या मारून थांबतं, आणि ते थांबलं की आई न शिकवता त्याला जरा हलवते, गालाला बोट लावते, "काय झालं माझ्या सोन्याला" म्हणते, आणि ती थांबली की ते परत प्यायला लागतं. एकदा त्याची पाळी, एकदा तिची. शास्त्रज्ञांनी हे बसून मोजलंय आणि त्यांचं म्हणणं असं की माणसाचं पहिलं बोलणं हेच, शब्द यायच्या वर्षभर आधीचं. फोन आडवा आला की त्या बोलण्यातली आईची पाळी चुकते. एकदा चुकली, दोनदा चुकली, काही बिघडत नाही. पण दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं असतं आणि दरवेळी चुकत राहिली तर?

माझी मुलगी नर्सिंग करतेय, तिने मला एक व्हिडिओ दाखवला (तो पण फोनवरच, काय करणार). एडवर्ड ट्रॉनिक म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात हा प्रयोग सुरू केला. आई बाळाशी छान खेळत असते, हसत असते, मग मान वळवते आणि परत समोर बघते ती एकदम दगडासारखा चेहरा करून, दोन मिनिटं, काही झालं तरी हलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, मग दोन्ही हात पुढे करतं, किंचाळतं, मान फिरवतं आणि शेवटी रडायला लागतं. दोनच मिनिटं, पण बघवत नाही हो. मी तर मधेच म्हटलं अगं बाई आता घे की त्याला. आता त्या प्रयोगात फोन नव्हता, तेव्हा होता कुठे फोन, पण पुढे काही जणांनी आईच्या हातात मोबाईल देऊन तसेच प्रयोग केले तेव्हापण बाळं बेचैन होतात असंच दिसलं. फोन बघताना आपला चेहरा कसा होतो ते कधी आरशात बघा. शेजारच्या बाईशी बोलताना तसा होत नाही.

पण त्याच ट्रॉनिक साहेबांचं दुसरं म्हणणं मुलीने वाचून दाखवलं ते मला जास्त पटलं, आणि ते त्या दिवशी स्टेजवरून कोणी सांगितलं असतं तर खाली माना घातलेल्या पोरींनी जरा वर बघितलं असतं. ते म्हणतात की चांगल्या आई-बाळाचा पण ताळमेळ सगळा वेळ नसतोच, साधारण ३० टक्के वेळ जुळलेला असतो, बाकीचा वेळ चुकत असतं आणि परत जुळवलं जात असतं. आणि ते परत जुळवणं हेच महत्त्वाचं. त्या व्हिडिओत पण शेवटी आई हसून बाळाला जवळ घेते आणि ते शांत होतं. म्हणजे मेसेज बघितला म्हणून बाळ तुटलं असं होत नाही. शिवाय बाळ काही नुसतं डोळ्यांनी आई ओळखत नाही, वासाने ओळखतं, आवाजाने ओळखतं, अंगाच्या उबेने ओळखतं, फोन बघणाऱ्या आईचं अंग काय थंड पडत नाही. आधीच बाळंतीण रडवेली असते, त्यात तिच्या डोक्यात अपराधीपणा घालायचा, हे काही औषध नाही.

मी पण काही मोठी शहाणी नव्हते. माझ्या थोरल्याला मी शेंगा फोडत फोडत पाजलंय, मांडीवर बाळ आणि पुढ्यात सूप. धाकटीच्या वेळी दुपारी टीव्हीवर सिरीयल चालू असायची आणि सासूबाई आणि मी दोघी त्यात गुंग. मग आम्ही कुठे सारखं बाळाच्या डोळ्यात बघत होतो? हां, एक फरक मला वाटतो. शेंगा फोडताना बाळ थांबलं की हात आपोआप थांबायचा. शेंग काही म्हणत नाही की थांब, अजून एक बघ, अजून एक बघ. फोन म्हणतो. तो बनवलाच तसा आहे की संपू नये. आणि शेंगा फोडताना तोंड मोकळं असायचं, कोणाशीतरी बोलणं चालू असायचं, बाळाच्या कानावर आईचा आवाज पडत राहायचा. फोन बघणारी बाई गप्प असते.

तर त्या २८ व्या दिवशीच्या भेटीतल्या बाळंतिणीला मी विचारलं, चिडून नाही, सहजच, की बाई गं किती वेळ बघतीस फोन? ती म्हणाली, "ताई, दिवसा न्हाई बगत एवढं. रात्री तीनला ह्यो उठतोय. त्या वक्ताला घरात कोण जागं असतंय? फोनच तेवढा जागा असतोय." आता याच्यावर काय बोलणार मी? नवरा त्या आठवड्यात रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजायला गेलेला, ही घरात बाळाला पाजत बसलेली. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सासू दिवसभर गोठा आणि रान करून थकून झोपलेली. एका खोलीत एक बाई आणि एक जीव. दहा वेळा पाजायचं, दर वेळी अर्धा तास धरला तरी पाच तास झाले, त्यातले निम्मे रात्रीचे. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत कोणी ना कोणी निजायला असायचंच, आई नाहीतर मावशी, गावातली म्हातारी तेल लावायला यायची, शेक द्यायची, टाळू भरायची, तोंडाने अखंड बडबड. ती माणसं गेली आणि त्या जागेवर फोन आला. फोनने माणसं हाकलली असं मला नाही वाटत. माणसं आधी गेली.

आणि त्या फोनचा उपयोग पण होतो की. नवरा चाकणच्या कंपनीत असेल तर त्याला रोज बाळ दिसतं ते त्याच्यातच. कोणाला रात्री गाठ आली छातीत तर ती मला फोटो पाठवते, मी उठून सांगते की गरम पाण्याने शेक, थोडं दूध हाताने काढ आणि पाजायचं बंद करू नको. २०१९ च्या महापुरात आमच्या भागातली एक आठ दिवसांची बाळंतीण वेळेत बाहेर निघाली ती फोनमुळेच. त्यामुळे फोन काढून घ्या हे उत्तर नाही.

मला राग कशाचा येतो सांगू का. घरात सगळ्यांचे फोन चालू असतात आणि बोट फक्त बाळंतिणीकडे. त्याच खोलीत सासरे मोठ्या आवाजात बातम्या लावतात, दीर गेम खेळतो, सासूबाई (मी पण आता त्याच वयाची आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे मला) भजनाचे व्हिडिओ बघतात. बारशाला आलेली पाव्हणी मंडळी पाळण्याभोवती उभी राहून मोबाईल वर धरतात, बाळाला त्या दिवशी कोणाचं तोंड दिसत नाही, नुसती पाठ दिसते फोनांची. आणि तेच बाळ सात महिन्यांचं झालं की भरवताना त्याच्या पुढ्यात फोन ठेवून देतात, नाहीतर घास घेत नाही म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. ते सांगितलं की आजोबा म्हणतात, "हुशार हाय, सोताच बोट फिरवतंय."

म्हशीची धार काढायची असेल तर आपण काय काय सांभाळतो बघा. धारेच्या वेळी गोठ्यात मोठ्याने बोलू देत नाही, नवखा माणूस उभा राहू देत नाही, कुत्रं हाकलतो, का तर म्हैस बिथरेल, पान्हा चोरेल. बाईचं वेगळं नाही. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनने, तेच ते ज्याचं इंजेक्शन काही लोक चोरून म्हशींना देतात. बाईला ते इंजेक्शन लागत नाही, तिचं बाळ नुसतं रडलं तरी येतं, बाळाकडे बघितलं तरी येतं, पण मन भेदरलेलं असलं, कोणी टोमणा मारला, फोनवर कोणाचं भांडण वाचलं की ते अडतं. म्हशीला जेवढी शांतता देतो तेवढी सुनेला द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी स्वतः पण यातून सुटलेली नाही. भेटीला गेले की माझ्या पण हातात फोन असतो. फोटो काढ, ग्रुपवर टाक, ऑनलाईन माहिती भर, रेंज नाही, परत भर. बाळाला झोळीत घातलेलं असताना फोटो राहिला म्हणून दोनदा वजन केलंय मी, ते लेकरू थंडीत उघडं. एकदा एक आई मला म्हणाली ताई मगापासून मी काहीतरी विचारतेय. ती खरंच विचारत होती, मी ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून नियम केलाय, घरात पाय टाकला की फोन पिशवीत, माहिती बाहेर कट्ट्यावर बसून भरायची. उशीर झाला की बोलणी बसतात, बसू देत.

आणि आता मी काय करते ते सांगते, कोणाला पटलं तर बघा. सातव्या दिवशीच्या भेटीला मी सगळ्यांना बोलावते, बाळंतिणीला काहीच बोलत नाही, आधी सासऱ्यांना म्हणते तुमचा फोन द्या. ते हसतात, पण देतात. मग नवऱ्याचा, मग सासूबाईंचा. सगळे टीव्हीवर ठेवते आणि म्हणते आता बाळाच्या तोंडाकडे बघा, ते कसं सांगतंय भूक लागली म्हणून. रडायच्या कितीतरी आधी बाळ सांगत असतं, मान वळवून तोंड उघडतं, मूठ तोंडात घालतं, चुकचुक करतं. रडणं ही शेवटची खूण, तोपर्यंत ते एवढं चिडलेलं असतं की नीट तोंडात पण धरत नाही. एकदा एका घरात आजोबांनीच आधी ओळखलं, "अगं ते मूठ चाटाय लागलंय, घे घे," आणि सुनेच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी बारशालापण बघितलं नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. पोरांच्या अभ्यासासाठी सुरू केलेलं आहे ते, तान्ह्या बाळांचा विचार करून नाही. पण गंमत अशी की बाळं सगळ्यात जास्त किरकिरतात ती दिवेलागणीलाच, तेव्हा दर अर्ध्या तासाला पाजावं लागतं, आई वैतागून जाते. नेमका तोच दीड तास. त्या वेळी घरातल्या एकाने तिच्याजवळ बसून नुसत्या गप्पा मारल्या, एकाने बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढली तरी पुष्कळ. भोंगा नसला आपल्या गावात तर देवळातली घंटा आहे, आरतीची.

आणि रात्री तीनचं म्हणाल तर नवऱ्यांना सांगायचंय. पाणी पाजायला गेला नसाल त्या रात्री उठा. दूध तुम्ही पाजू शकत नाही, पण तांब्याभर पाणी तिला द्या, पाजणाऱ्या बाईला तहान फार लागते. पाच मिनिटं बसा, लंगोट बदला. त्या पोरीच्या नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला सकाळी कामावर जायचं असतंय ताई. मी म्हटलं तिला पण असतंय.

पुढच्या वर्षी सप्ताहाला कार्यक्रम होईल तेव्हा माझी एक विनंती छापा. सासू, सासरे आणि नवऱ्यांना पुढच्या सतरंजीवर बसवा आणि बाळंतिणींना खुर्च्या द्या, टाके असतात त्यांना, खाली बसवत नाही. एवढी साधी गोष्ट त्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्यापण नाही, मी चहात होते.

पत्र मोठं झालं, कापायचं तिथे कापा. नाव छापू नका, वरून फोन येतील. आणि छापलंच तर सकाळी सातच्या आत त्याचा फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरेल, तेव्हा पाजत असाल तर उघडू नका, पाजून झाल्यावर वाचा.

आपली,
एक आशाताई,
ता. वाळवा, जि. सांगली